खाजनात सापडलेलं काळं लाकूड: कार्बन डेटिंगच्या आधी बरंच काही आहे

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही कळेल. गोव्यात मांडवीच्या काठचं खाजन (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन), पावसात बांध फुटला, दुरुस्तीला जेसीबी लावला तेव्हा साधारण अडीच मीटरवर चिखलात एक काळं लाकूड लागलं. लांबी दीड मीटर, एका टोकाला चौकोनी भोक. त्याच्या आसपास कोळसे आणि जळक्या तुसासारखं काहीतरी. ते घरी आणलं, पाइप लावून धुतलं, अंगणात उन्हात ठेवलं आणि चार दिवसांत भेगा पडायला लागल्या. गावात सगळे म्हणतात कदंबांच्या (गोव्याच्या जुन्या राजघराण्याच्या) जहाजाचा तुकडा. विचारलंय काय, तर कार्बन डेटिंग कुठे करतात, खर्च किती आणि नक्की वय कळेल का.

बाकीचं सावकाश वाचा, आधी ते लाकूड उन्हातनं उचला. खरंच. उठा, सावलीत न्या, जुनी सुती चादर भिजवून गुंडाळा, वरून जाड प्लॅस्टिक, आणि मग परत या.

आता का ते सांगते. शेकडो वर्षं चिखलात पडलेलं लाकूड आपल्याला लाकूड दिसतं पण आतनं ते तसं राहिलेलं नसतं. चिखलात हवा नसते त्यामुळे बुरशी आणि वाळवी येत नाही, पण काही बॅक्टेरिया हवेशिवायही हळूहळू पेशींच्या भिंतीतलं सेल्युलोज खात बसतात. मागे उरतो तो मुख्यतः लिग्निनचा सांगाडा आणि त्यात गच्च भरलेलं पाणी. आकार टिकलेला असतो तो त्या पाण्यामुळे. चहात बुडवलेला पाव चहात आहे तोवर कसा पावासारखा दिसतो, तसंच. पाणी उडायला लागलं की जाता जाता ते पेशींच्या भिंती आत ओढून घेतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि मग परत भिजवून काही उपयोग होत नाही. तुम्हाला दिसतायत त्या भेगा म्हणजे हेच चालू झालंय. बाहेरचा भाग गेला असेल, आतला अजून ओला असणार, तो वाचवायचा.

ओलं ठेवायला नळाचं साधं पाणी चालतं, एखादी जुनी टाकी किंवा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापून मिळाला तर त्यात पूर्ण बुडवून झाकून ठेवा, आठवड्याला पाणी बदला. साबण नको, डेटॉल नको, मीठ नको. आणि लाकडावर पिवळट भुरकट डाग दिसले तर घाबरू नका पण दुर्लक्षही नको, खाजनाच्या चिखलात गंधक आणि लोखंडाची संयुगं भरपूर असतात, हवा लागली की त्यांचं ॲसिड होतं, आणि ते लाकडालाच खातं. स्वीडनचं वासा जहाज १६२८ ला बुडालं, १९६१ ला वर काढलं, मग वर्षानुवर्षं त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल (लाकडातल्या पाण्याची जागा घेणारा मेणासारखा पदार्थ) फवारत बसले, आणि एवढं करूनसुद्धा पुढे त्याच्या लाकडात गंधकाच्या ॲसिडचा त्रास निघालाच. आपल्याकडे तेवढे पैसे नाहीत, ड्रम आहे, तर ड्रम वापरू.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, स्वतः करून बसलेय. शिकत होते तेव्हा एका उत्खननात विहिरीच्या तळातनं हाताच्या बोटाएवढं ओलं लाकूड मिळालं होतं, मी ते टिश्यू पेपरवर खिडकीत ठेवलं, म्हटलं जरा सुकू दे मग पिशवीत भरते. रविवार मध्ये आला. सोमवारी बघते तर लवंगेसारखं सुरकुतून निम्मं झालेलं. मायक्रोस्कोपखाली बघायला त्याचा छेद काही केल्या घेता आला नाही, ब्लेड लावलं की भुगा. वहीत आजही त्या नंबरापुढे "ओळख नाही" एवढंच आहे.

बरं, आता प्रश्नाकडे. गेली बावीस वर्षं मी जळकी आणि कुजकी लाकडं बघतेय (शेजारीण मला कोळशेवाली म्हणते, तिचं काही चुकत नाही) आणि या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, "वय किती?" पण लाकडाच्या बाबतीत वय एक नसतं, तीन असतात. झाडाचं ते वलय (वाढीचं कडं) कधी वाढलं, ते झाड तोडून लाकूड कधी वापरलं, आणि ते चिखलात कधी पडलं. कार्बन डेटिंग फक्त पहिलं सांगतं. तुम्हाला हवंय बहुधा तिसरं किंवा दुसरं. मधलं अंतर किती ते यंत्र सांगत नाही, ते आपल्याला बाकीच्या गोष्टींवरून काढावं लागतं, म्हणून मी आधी "हे कसलं लाकूड, काय वस्तू, आणि नक्की कुठल्या थरातलं" हे विचारते.

साग घ्या. मोठा जुना साग दोनशे वर्षांचा सहज असतो. झाडाचं खोड बाहेरून वाढतं, आतला गाभा तसाच पडून राहतो, त्याचा हवेशी व्यवहार कधीच संपलेला असतो. म्हणजे १७०० साली तोडलेल्या सागाच्या गाभ्यातनं तुम्ही सँपल काढलं तर उत्तर येणार १५०० च्या आसपासचं, आणि बाहेरच्या कडेचं काढलं तर १७००. झाड एकच. आणि गोव्यात तर चांगलं लाकूड फेकायची पद्धतच नाही, घराची तुळई मोडली की गोठ्याला, गोठा पडला की मांगराला, आणि शेवटी कुठेतरी व्हाळावर साकवाला. हे आजचंच आहे असं नाही. लाल समुद्राच्या काठावर इजिप्तमध्ये बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर आहे, तिथे भारतीय माठात साडेसात किलो काळी मिरी सापडली म्हणून ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मला त्याहून भारी वाटतं ते तिथलं सागवान. इजिप्तमध्ये साग उगवत नाही. ते लाकूड आपल्या बाजूने गेलेलं आणि अभ्यासकांचं म्हणणं असं की जहाजं मोडल्यावर त्याच फळ्या तिथल्या इमारतींना वापरल्या. आता अशा फळीची तारीख काढली तर ती इमारतीची नाही, जहाजाचीही नाही, कुठल्यातरी आपल्या डोंगरातल्या झाडाची आहे.

दुसरी अडचण जास्त बोचणारी आहे आणि ती लोकांना कुणी आधी सांगत नाही. कार्बन १४ हा हवेतनं झाडात येणारा आणि झाड वाढायचं थांबलं की हळूहळू कमी होणारा कार्बन, त्याचं अर्धं आयुष्य ५७३० वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा होतो, त्यामुळे हजार, दोन हजार, दहा हजार वर्षांच्या वस्तूला ही पद्धत छान चालते. पण साधारण १६५० ते १९५० या तीनशे वर्षांत हवेतलं कार्बन १४ चं प्रमाण असं काही वरखाली झालंय, थोडं सूर्यामुळे आणि नंतर कोळसा जाळल्यामुळे, की मोजणीवरून साल काढायचा आलेख सपाट आणि नागमोडी होतो आणि एकाच मोजणीला दोन तीन वेगवेगळी उत्तरं बसतात. म्हणजे रिपोर्टात येणार "१६७० ते १७८० किंवा १७९५ ते १९४५" असलं काहीतरी. तुम्ही पैसे भरून कळलं काय, तर पोर्तुगीज काळातलं आहे. ते तर चौकोनी भोक बघून मीही सांगितलं असतं कदाचित. उलट लाकूड खरंच कदंबांच्या काळातलं, म्हणजे अकरावं ते चौदावं शतक, असेल तर उत्तर बरंच नेमकं येईल. (रिपोर्टात "बीपी" म्हणजे "आजच्या इतकी वर्षं आधी" असं लिहिलेलं असतं, त्यातलं आज म्हणजे १९५० साल धरतात, आपलं आज नव्हे, यात भले भले गोंधळतात.)

आणि तिसरं, मळ. तुम्ही लाकडाला अजून काही लावलेलं नाही असं धरते. कारण सापडलेल्या लाकडाला लोक प्रेमाने तेल लावतात! गंमत अशी की नारळाचं तेल लावलं तर लाकूड तरुण होतं आणि रॉकेल लावलं तर म्हातारं. नारळाच्या तेलातला कार्बन याच वर्षीच्या हवेतला, तो मिसळला की वय कमी दाखवतं. रॉकेल जमिनीतल्या तेलाचं, त्यात कार्बन १४ उरलेलाच नसतो, त्यामुळे वय फुगतं. काजूच्या टरफलाचं तेल, जे होड्यांना लावतात, तेही ताज्या झाडाचंच, म्हणजे तरुण करणारं. लॅबमध्ये ॲसिड, अल्कली, परत ॲसिड असं धुतात त्याने चिखलातले ह्युमिक (कुजलेल्या पालापाचोळ्याचे) पदार्थ जातात, पण मुरलेलं तेल पूर्ण निघेलच अशी हमी कोणी देत नाही.

आता माझं खरं काम. लाकूड कुठल्या झाडाचं ते रंगावरून कळत नाही, चिखलातलं सगळंच काळं असतं, वासावरून तर अजिबात नाही. ओल्या लाकडाचं मी नवीन ब्लेडने कागदाहून पातळ काप काढते, तीन दिशांनी: एक खोडाला आडवा, काकडीची चकती कापतो तसा, आणि दोन उभे, त्यातला एक किरणांच्या (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांच्या) रेषेत आणि एक त्यांना काटकोनात. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, वर कव्हर, आणि मायक्रोस्कोप. कोळशाचं याहून सोपं, कोळसा कापायचा नाही, हातानेच कट्कन मोडायचा, मोडलेला ताजा पृष्ठभाग काळा चकचकीत दिसतो, तो वाळूच्या छोट्या ट्रेमध्ये टोचून सरळ उभा करायचा आणि वरून प्रकाश पाडून बघायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला विश्वास बसत नाही, जळून खाक झालेल्या तुकड्यात पाणी वाहून नेणारी एक एक नळी शाबूत असते.

सागाच्या आडव्या छेदात वलयाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्यांची ओळ दिसते, नुसत्या भिंगानेही, टाचणीने टोचल्यासारखी. मग नळ्या लहान होत जातात आणि परत पुढच्या वलयाला ओळ. आपल्याकडे पाऊस संपला की साग वाढ थांबवतो म्हणून हे. ऐन, ज्याला गोव्यात मट्टीही म्हणतात, त्यात अशी ओळ नाही, नळ्या सगळीकडे पसरलेल्या, त्यांच्याभोवती मऊ पेशींचे पंख, आणि उभ्या छेदात किरण एकाच पेशीच्या रुंदीचे, जपमाळेसारखे एकाखाली एक. किंदळ त्याच्याच जातकुळीतलं, त्यामुळे दोघांत फरक करताना मी कधी कधी नुसतं "टर्मिनालिया" हे त्या जातकुळीचं नाव लिहून मोकळी होते. फणस आणि रानफणस यांचंही तेच, जातकुळी सांगता येते, नेमकी जात छातीठोकपणे नाही. कुणी तुम्हाला जळक्या कोळशावरून पटकन जातीपर्यंत नाव दिलं तर जरा शंका घ्या. आणि माड, माडी (सुपारीचं झाड), बांबू हे तर वेगळंच, त्यात वलयंच नसतात, आडवा छेद म्हणजे ठिपक्यांचं कापड. माडाच्या खोडाची वलयं मोजून वय सांगणारे मला भेटलेत, ती पडलेल्या चुडतांच्या (झावळ्यांच्या) खुणा असतात हो बाहेरच्या.

तुमच्या बाबतीत एक झाड मी मुद्दाम तपासेन, ते म्हणजे तिवर. खारफुटीतलं तिवराचं लाकूड आत पट्टे पट्टे असलेलं असतं, खोडाच्या आतच अन्नवाहिन्यांचे थर पुन्हा पुन्हा तयार होतात, दिसायला वलयांसारखे पण वर्षाचे नाहीत. आणि तिवर किंवा कांदळ निघालं, तर कदाचित माणसाचा त्या लाकडाशी काहीच संबंध नसेल. खाजन म्हणजे मुळात खारफुटीची दलदलच, बांध घालून शेतीखाली आणलेली, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटांत "खज्जन" शब्द येतो इतकी जुनी ही गोष्ट. त्याच्याही आधी समुद्राची पातळी वर येताना किनाऱ्याजवळची कितीतरी खारफुटी चिखलाखाली गेलीय. त्यामुळे खोलवरचं जुनं लाकूड सापडणं हे आपल्या किनाऱ्यावर तसं नवलाचं नाही, आणि जुनं आहे म्हणजे माणसाचं आहे असं धरू नका. पण तुमच्याला चौकोनी भोक आहे, ते खेकडा पाडत नाही.

भोकाबद्दल बोलूया. जहाज म्हणून जे म्हणतायत त्यांना विचारा की कडेला बारीक भोकांची ओळ आहे का. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या होड्या काथ्याने शिवलेल्या असत, फळीच्या कडेला हातभर अंतरातच बारीक भोकांची रांग सापडते, कधी भोकात काथ्याचा तंतूही. नंतरच्या जहाजांत लोखंडी खिळे, ते कुजले तरी लाकडात तांबूस गंजाची गोल खूण सोडतात. दीड मीटरचं, जाड, एकच मोठं चौकोनी भोक टोकाला, बाकी काही नाही, हे मला फळीचं वाटत नाही. केरळात पट्टणमला उत्खननात होडी सापडली ती रानफणसाच्या जातीतल्या अंजिलीची एकाच खोडातनं कोरलेली होती, आणि तिच्या जवळच धक्क्यावर होड्या बांधायचे सागवानी खुंट उभे होते. म्हणजे पाण्याकाठच्या लाकडात होडी सोडूनही बरंच काही असतं. माझी पैज मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर आहे. बांध फुटला तिथेच सापडलंय ना? पूर्वी तिथेच मानस असणार, पाणी आत सोडायचं, बाहेर जाऊ द्यायचं, भरतीला दार आपोआप मिटायचं, त्या चौकटीच्या उंबऱ्याला किंवा खांबाला असं कुसू (दुसऱ्या लाकडाचं तासलेलं टोक) बसवायचं भोक लागतं. भोकाच्या जवळ दार सरकायची किंवा टेकायची खाच आहे का बघा, बोट फिरवून, खरवडून नको. गावातल्या जाणत्या सुताराला दाखवा, तो मला दोन तासांत कळणार नाही ते दोन मिनिटांत सांगेल. पैज हरले तर आनंदच आहे, कदंबांचं जहाज मलाही बघायचंय.

आणि हत्याराच्या खुणा. वाकसाने तासलेलं असेल तर पृष्ठभागावर उथळ खवल्यांसारखे ठसे राहतात. हातकरवतीच्या रेषा सरळ पण थोड्या कमीजास्त. गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे दिसले तर कदंब विसरा, ते यंत्राच्या काळातलं.

आता जे तुम्ही प्रश्नात अर्ध्या ओळीत उरकलंत, ते कोळसे आणि तूस. माझ्या दृष्टीने लाकडापेक्षा ते जास्त मोलाचं आहे. तूस एका हंगामाचं असतं. भात पिकलं, कापलं, झोडलं, कांडलं, तूस जळलं, सगळं वर्षादोन वर्षांत. त्याला गाभा नाही, दोनशे वर्षांचं ओझं नाही. आजच्या यंत्रांना एका जळक्या दाण्याएवढं सँपल पुरतं, पूर्वी मूठभर लागायचं. म्हणून डेटिंग करायचंच तर लाकडाचं करू नका, आधी भाताचं करा, किंवा करवंटीच्या तुकड्याचं, किंवा बारीक काटकीचं. लाकडाचं करायचं झालं तर साल किंवा सालीलगतची कडा असेल तिथलंच. पण त्याला एक अट आहे, तूस आणि लाकूड एकाच थरातलं पाहिजे, जेसीबीने वरचं खाली करून मिसळलेलं नको. हे तुम्हाला आठवत असेल तर आजच लिहून ठेवा, कुठल्या बाजूला, कितीवर, चिखलाचा रंग कसा, वर काय खाली काय. आठवडाभराने आठवत नाही, मलाही नाही आठवत.

खड्डा अजून उघडा असेल तर (पाणी भरलं असेल तर सोडून द्या, जीव महत्त्वाचा) बाजूच्या भिंतीतनं, लाकडाच्या खुणेच्या बरोबरीच्या उंचीवरचा चिखल दोन बादल्या घ्या आणि वेगळा म्हणून थोडा वरच्या थरातला एक बादली. पिशवीत आत एक आणि बाहेर एक चिठ्ठी, पेन्सिलने, पेनाची शाई ओलीला पुसते. घरी पाइप मारून धुऊ नका. जळकं धान्य पाण्यात चिखल हलकेच ढवळला की वर तरंगतं, ते बारीक जाळीवर ओततात, पाव मिलिमीटरची वगैरे, चहाच्या गाळणीतनं नाचणी आणि तणांचं बी निसटून जातं. पण तुमच्याकडे ओल्या चिखलात न जळलेल्या बियाही असू शकतात, त्या तरंगत नाहीत, त्यासाठी चिखल भिजवून हळू पाण्याने जाळीवरच चाळावा लागतो. दोन्ही आम्ही करतो, तुम्ही फक्त चिखल न सुकवता आणून द्या.

त्यातनं काय कळतं? भाताच्या दाण्यापेक्षा मी तुसाच्या देठाकडचा बारीक तुकडा शोधते, जिथे दाणा लोंबीला जोडलेला असतो. रानटी भात पिकला की आपणहून गळतो, तिथली जागा गुळगुळीत सुटते, लागवडीच्या भाताला झोडावं लागतं म्हणून ती फाटलेली, ओबडधोबड. टाचणीच्या डोक्याहून लहान असतो तो तुकडा. चिखलात सिलिकाचे कणही असतात, भाताच्या पानातले पंख्याच्या आकाराचे, ते जळो न जळो टिकतात. सोबत लव्हाळ्याच्या बिया निघाल्या तर पाण्यातलं शेत. तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी विचारणारच म्हणून, कोरगुट (खाजनातलं खारेपणा सोसणारं भात) आहे का ते जळक्या दाण्यावरून सांगता येत नाही. दाणा जळताना फुगतो, आखूड होतो, लांबी रुंदीचा भरवसा राहत नाही.

कोळशांत एक गोष्ट मी हावरटासारखी शोधते, काजू. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. काजूच्या लाकडाचा किंवा टरफलाचा एक तुकडा जरी थरात पक्का मिळाला तर तो थर त्याआधीचा असूच शकत नाही, डेटिंगचा एक रुपया न खर्च करता. पेरू, पपई, अननस तसंच. सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ निघाली तर आणखी अलीकडे. काजू नाही मिळाला म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही, पाच कोळशांत नसेल, पन्नासाव्यात असेल. म्हणून मी एका थरातले निदान शंभरेक तुकडे बघितल्याशिवाय बोलत नाही, आणि तेवढे तुकडे बघायला मला आठवडा लागतो, घाई करणाऱ्यांना हे आवडत नाही.

वलयं मोजून साल काढता येत नाही का, असं कोणी म्हणेल. सागाचं येतं, तत्त्वतः. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केरळच्या सागाची ५२३ वर्षांची मालिका बांधलीय, पावसाचा इतिहास काढायला. पण तुमचा तुकडा साग असायला हवा, त्यात पन्नासाहून जास्त वलयं हवीत, आणि आपल्या भागातल्या सागाशी जुळवायला मालिका हवी, पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. वलयं भरपूर असली तर दुसरी युक्ती आहे, मधल्या वलयांचं अंतर मोजून तीन चार ठिकाणचं कार्बन डेटिंग करायचं आणि तो सगळा संच त्या नागमोडी आलेखावर सरकवून कुठे बसतो बघायचं, तेव्हा ती तीनशे वर्षांची अडचण बरीच सुटते. खर्च अर्थात तीन चार पट.

कुठे जायचं. पहिली पायरी लॅब नाही, राज्याचं पुरातत्त्व खातं, पणजी, आणि सोबत मामलेदाराला एक लेखी अर्ज, फोटोसकट. शंभर वर्षांहून जुनी माणसाने बनवलेली वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, मग ती स्वतःच्या नावावर कुठे पाठवत बसणं बरं नव्हे. लोक घाबरतात की बांधाचं काम अडेल, शेत जाईल. माझ्या अनुभवात लोक येतात, मापं घेतात, फोटो काढतात, जातात, पुष्कळदा तर येतच नाहीत आणि तीच जास्त मोठी तक्रार आहे. पाण्याकाठचं म्हणून दोनापावलाच्या एनआयओला (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) पण कळवा, तिथे सागरी पुरातत्त्वाचं काम चालतं, सुंची रीफ या खडकाजवळच्यासारखी बुडालेली जहाजं त्यांनीच अभ्यासलीत. लाकूड आणि बियांची ओळख पुण्याचं डेक्कन कॉलेज, लखनौची बिरबल सहानी संस्था इथे होते, नुसत्या लाकडाच्या ओळखीला देहरादूनची एफआरआय (वन संशोधन संस्था), तिथे लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. कार्बन डेटिंगचं ॲक्सिलरेटर मशीन दिल्लीच्या आययूएसी या विद्यापीठांसाठीच्या ॲक्सिलरेटर केंद्रात आहे, लखनौलाही रेडिओकार्बनचं काम होतं. बहुतेक ठिकाणी एकट्या माणसाचं सँपल सहज घेत नाहीत, खात्यामार्फत किंवा एखाद्या विद्यापीठामार्फत गेलं तर बरं. खर्च पद्धतीवर आणि कोण पाठवतंय त्यावर ठरतो, दर बदलतात म्हणून आकडा देत नाही, पण चहापाण्यात भागणारा नाही एवढं धरून चाला, आणि एका तारखेने भागतही नाही, दोन तरी लागतात.

म्हणून माझा क्रम असा असतो: ओलं ठेवणं, लिहून ठेवणं, झाड ओळखणं, चिखल चाळणं, आणि मग तारीख हवीच असेल तर भाताच्या दाण्याची. बऱ्याचदा चौथ्या पायरीलाच उत्तर मिळतं. कधी कधी मिळतच नाही. एका ठिकाणच्या सोळा पिशव्यांतनं मला फक्त माडाची मुळं आणि एक बिसलेरीचं झाकण मिळालंय.

तुमच्याकडून आत्ता मला तीन फोटो हवेत. लाकूड ओलं असताना, बाजूला मोजपट्टी किंवा पाच रुपयांचं नाणं ठेवून. पूर्ण लांबीचा एक, भोकाचा जवळून एक, आणि जिथे आपोआप तुटलंय त्या टोकाचा आडवा एक, नवीन कापू नका. तिसरा फोटो उन्हात नको, सावलीत मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून काढा, सागाची ती टाचणीची ओळ असेल तर मला त्यातच दिसेल. आणि कोळशांतला एखादा तुकडा करंगळीच्या नखाएवढा असला तरी टाकू नका, फॉइलमध्ये गुंडाळा, कापसात नको, कापूस त्याला चिकटतो आणि मग मी चिमट्याने तंतू उपसत बसते.

पाऊस परत यायच्या आत त्या खड्ड्याची बाजू पण बघून या जमलं तर, दुसरा खांब असेल समोर, साधारण माणूसभर अंतरावर. मानस असेल तर असायलाच हवा.